फुप्फुसातील अदृश्य जाळे पाहणारे मार्चेल्लो माल्पिगी

मानवी फुप्फुसाच्या ऊतींचे परीक्षण करण्यासाठी आज प्रकाशावर आधारित अनेक प्रतिमातंत्रे एकत्र वापरली जातात. एक तंत्र ऊतीतील लवचीक तंतू दाखवते, दुसरे कठीण तंतू दाखवते, तर तिसरे पृष्ठभागाखालील थरांचा वेध घेते. कोणतेही एक तंत्र संपूर्ण चित्र देत नाही, म्हणून त्यांची सांगड घातली जाते. ही सांगड घालण्याची गरज सतराव्या शतकात इटलीतील एका वैद्याने ओळखली होती. एक भिंग, दोन भिंगांचा सूक्ष्मदर्शक, सूर्याचा प्रकाश आणि मेणबत्तीची ज्योत एवढीच त्यांची साधने होती. त्यांच्या बळावर फुप्फुसाची खरी रचना आणि रक्ताभिसरणातील न सापडलेला दुवा जगासमोर आणणाऱ्या या शास्त्रज्ञाचे नाव मार्चेल्लो माल्पिगी. त्यांच्या यशाइतकीच, त्या यशासाठी आयुष्यभर सोसाव्या लागलेल्या विरोधाची कहाणीही जाणून घेण्यासारखी आहे.

माल्पिगी यांचा जन्म मार्च १६२८ मध्ये उत्तर इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या क्रेव्हालकोरे या गावी झाला. त्याच वर्षी इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वे यांचा हृदय व रक्ताच्या गतीविषयीचा विख्यात ग्रंथ फ्रँकफर्ट येथे प्रसिद्ध झाला, हा एक विलक्षण योगायोग होय. रक्त शरीरात चक्राकार फिरते, हृदयातून रोहिण्यांवाटे बाहेर पडते आणि नीलांवाटे परत येते, असे हार्वे यांनी प्रयोग व गणित यांच्या आधारे दाखवून दिले. मात्र रोहिणीतील रक्त नीलेत नेमके कसे पोहोचते, हे त्यांना दाखवता आले नाही. ऊतींमध्ये डोळ्यांना न दिसणारे काही मार्ग असले पाहिजेत, असे गृहीत धरून त्यांना थांबावे लागले. हार्वे यांचे निधन १६५७ मध्ये झाले, तोपर्यंत हा दुवा सापडलेला नव्हता.

माल्पिगी यांनी १६४६ मध्ये बोलोन्या विद्यापीठात प्रवेश घेतला. शिक्षण चालू असतानाच १६४९ मध्ये आई, वडील आणि आजी यांचे छत्र हरपले. थोरला मुलगा या नात्याने धाकट्या भावंडांची आणि शेतीवाडीची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. शेजारच्या स्बारालिया घराण्याशी शेताच्या बांधावरून जुना वाद होता. या भाऊबंदकीसारख्या वैराचे पडसाद पुढे त्यांच्या वैज्ञानिक जीवनातही उमटत राहिले. या सर्व अडचणींतून वाट काढत १६५३ मध्ये त्यांनी वैद्यक आणि तत्त्वज्ञान या विषयांतील पदवी संपादन केली.

विद्यार्थिदशेत त्यांच्यावर बार्तोलोमेओ मासारी या प्राध्यापकांचा मोठा प्रभाव पडला. मासारी यांच्या घरी निवडक विद्यार्थ्यांचे मंडळ जमत असे आणि तेथे प्राण्यांचे तसेच मानवी शवांचे विच्छेदन केले जाई. ग्रंथातील वचनापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीला अधिक महत्त्व देण्याची दीक्षा माल्पिगी यांना येथे मिळाली. पुढे मासारी यांच्या भगिनी फ्रान्चेस्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१६५६ मध्ये तस्कनीचे अधिपती दुसरे फर्डिनांड यांच्या निमंत्रणावरून ते पिसा विद्यापीठात सैद्धान्तिक वैद्यकाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांची गाठ गणितज्ञ जोव्हान्नी अल्फोन्सो बोरेल्ली यांच्याशी पडली. शरीराकडे यंत्राप्रमाणे पाहावे, त्याच्या भागांची रचना कळली की कार्यही कळते, हा विचार माल्पिगी यांनी बोरेल्ली यांच्या सहवासात आत्मसात केला. वयाने वडील असलेले बोरेल्ली त्यांचे मार्गदर्शक झाले. पिसाची हवा न मानवल्याने १६५९ मध्ये माल्पिगी बोलोन्याला परतले, तरी दोघांमधील पत्रव्यवहार चालूच राहिला. फुप्फुसाविषयीचे त्यांचे युगप्रवर्तक संशोधन याच पत्रव्यवहारातून जगासमोर आले.

त्या काळी फुप्फुस हे रक्ताने भरलेले मांसल इंद्रिय आहे, अशी समजूत रूढ होती. कापलेल्या फुप्फुसातून रक्त वाहते आणि उरतो तो लालसर, मऊ गोळा. त्यावरून असा ग्रह होणे स्वाभाविकही होते. माल्पिगी यांनी या समजुतीची तपासणी करताना प्रथम कुत्र्यासारख्या प्राण्यांची फुप्फुसे घेतली. रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून त्यांनी फुप्फुसातील रक्त पूर्णपणे धुऊन काढले. फुप्फुस पांढुरके दिसू लागल्यावर त्यात हवा भरून ते वाळवण्यात आले. वाळलेल्या फुप्फुसाचा छेद घेऊन पाहता मांसाचा मागमूसही नव्हता. दिसत होते ते पातळ पडद्यांनी बनलेल्या असंख्य पोकळ्यांचे समूह. श्वासनलिकेच्या बारीक शाखा या पोकळ्यांत उघडत होत्या. आज या पोकळ्यांना वायुकोश म्हटले जाते.

आता रक्ताचा प्रश्न शिल्लक होता. रक्त या पडद्यांवरून कसे जाते? ते वाहिन्यांच्या टोकांपाशी मोकळ्या जागेत सांडते आणि पुन्हा गोळा होते, की सलग नळ्यांतूनच वाहते? मोठ्या प्राण्यांच्या दाट, अपारदर्शक फुप्फुसात याचे उत्तर मिळेना. तेव्हा माल्पिगी यांनी बेडकाची निवड केली. बेडकाचे फुप्फुस साध्या पिशवीसारखे असते. त्याची भित्ती इतकी पातळ असते की तिच्यातून प्रकाश आरपार जातो. निसर्गाने जे मोठ्या प्राण्यांत गुंतागुंतीचे करून ठेवले आहे, ते लहान प्राण्यांत सोप्या रूपात वाचता येते, अशी त्यांची धारणा होती. या शोधापायी आपण बेडकांचे जवळजवळ कुळच संपवले, अशी कबुली त्यांनी बोरेल्ली यांना काहीशा विनोदाने दिली होती.

सर्वप्रथम त्यांनी जिवंत बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हृदय धडधडत असेपर्यंत रक्त वाहताना दिसत होते. रोहिण्यांमध्ये ते एका दिशेने, तर नीलांमध्ये विरुद्ध दिशेने जात होते. बारीक होत गेलेल्या शाखांच्या टोकांशी मात्र दृष्टी अडत होती. तेथे रक्त एखाद्या रिकाम्या जागेत विखुरत असावे, असाच भास होत होता. केवळ या एका निरीक्षणावर विसंबून राहिले असते, तर माल्पिगी यांच्या हातून चुकीचाच निष्कर्ष निघाला असता.

परंतु ते तेथे थांबले नाहीत. बेडकाचे फुप्फुस हवेने फुगवून त्यांनी वाळवले आणि ते निरनिराळ्या पद्धतींनी पाहण्यास सुरुवात केली. क्षितिजाकडे झुकलेल्या सूर्याच्या प्रकाशासमोर धरून ते एकाच भिंगातून पाहिले. नंतर तेच फुप्फुस काचेच्या तुकड्यावर ठेवण्यात आले. काचेखालून एका नळीवाटे मेणबत्तीचा प्रकाश त्यावर सोडण्यात आला आणि वरून दोन भिंगांचा सूक्ष्मदर्शक लावण्यात आला. त्या काळातील दोन भिंगांचे सूक्ष्मदर्शक प्रतिमा मोठी करीत, पण तिच्या कडांना रंगांच्या झालरी येत आणि बारकावे पुसट होत. एकच भिंग वापरले तर दृश्यक्षेत्र लहान होई, पण प्रतिमा तुलनेने स्वच्छ मिळे. प्रकाश आरपार गेला की पारदर्शक पडद्यातील वाहिन्या उठून दिसत. तो तिरका पडला की पृष्ठभागाचे उंचवटे स्पष्ट होत. एका पद्धतीची उणीव दुसरी पद्धत भरून काढीत होती.

वाळलेल्या फुप्फुसात जे दिसले, त्याने जिवंत फुप्फुसातील भास दूर केला. रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये रिकामी जागा नव्हती. तेथे अतिसूक्ष्म वाहिन्यांचे जाळे पसरलेले होते आणि ते वायुकोशांभोवती कड्यांप्रमाणे वेढलेले होते. रक्त कोठेही सांडत नव्हते, ते सर्वत्र नळ्यांतूनच वाहत होते. या वाहिन्यांना आज केशवाहिन्या म्हणतात. जिवंत फुप्फुसाने रक्ताची गती दाखवली आणि वाळलेल्या फुप्फुसाने तिचा मार्ग दाखवला. दोन्ही एकत्र ठेवल्यावरच हार्वे यांचे वर्तुळ पूर्ण झाले.

हे निष्कर्ष १६६१ मध्ये बोरेल्ली यांना लिहिलेल्या दोन पत्रांच्या रूपाने बोलोन्या येथे प्रसिद्ध झाले. लॅटिन भाषेतील ही पुस्तिका आकाराने लहान होती, पण तिने वैद्यकशास्त्राला नवे वळण दिले. अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी पुढे १६८८ मध्ये बेडकाच्या पिलांच्या शेपटीतील केशवाहिन्यांमधून वाहणाऱ्या रक्ताचे वर्णन केले आणि माल्पिगी यांच्या शोधाला पुष्टी मिळाली.

माल्पिगी यांना फुप्फुसाची रचना कळली, पण तिचे कार्य मात्र पूर्णपणे उमगले नाही. फुप्फुसात रक्ताचे घटक नीट मिसळले जातात, असा त्यांचा समज होता. प्राणवायूचा शोध लागण्यास त्या वेळी शंभराहून अधिक वर्षांचा अवधी होता. त्यामुळे पातळ पडद्यातून वायूंची देवाणघेवाण होते, ही कल्पना त्यांच्या काळात शक्यच नव्हती. तरीही पुढील काळात ज्या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले, तो प्रश्न विचारता येण्याजोगी रचना त्यांनीच समोर ठेवली होती.

१६६२ मध्ये बोरेल्ली यांच्या शिफारशीवरून सिसिली बेटावरील मेस्सिना येथे त्यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. तेथील चार वर्षांत त्यांनी जिभेवरील रुचिग्राही उंचवटे, मेंदू, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांचा अभ्यास केला. मूत्रपिंडाच्या रोहिणीत मद्यार्कात मिसळलेली शाई सोडून त्यांनी गाळणीचे काम करणारे सूक्ष्म गोलक दृष्टीस आणले. फांदीवर लगडलेल्या फळांप्रमाणे ते त्यांना रक्तवाहिन्यांवर लटकलेले दिसले. जे पारदर्शक असल्यामुळे दिसत नाही ते रंगवून पाहावे, ही युक्ती आज प्रत्येक विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत नित्याची झाली आहे. हे संशोधन १६६६ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयात गोठलेल्या रक्ताच्या गुठळ्या धुऊन पाहताना रक्तातील लाल कणांची नोंदही त्यांनी त्याच सुमारास केली.

मात्र साधने आणि पद्धती फसवूही शकतात, याचा दाखला त्यांच्याच संशोधनात आढळतो. मेंदूचा बाह्य थर शिजवून आणि त्यावर शाई ओतून पाहताना त्यांना तेथे असंख्य ग्रंथी दिसल्या. त्या ग्रंथी म्हणजे बहुधा नमुना तयार करण्याच्या प्रक्रियेतून उद्भवलेला भास होता, असे पुढील काळातील अभ्यासकांचे मत पडले. फुप्फुसाच्या बाबतीत त्यांनी एक निरीक्षण दुसऱ्यावर ताडून पाहिले होते. मेंदूच्या बाबतीत अशी खातरजमा करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

१६६६ मध्ये ते पुन्हा बोलोन्याला परतले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६७ च्या अखेरीस त्यांना पत्र पाठवून संशोधन कळवण्याची विनंती केली. त्यानुसार त्यांनी रेशीमकिड्याविषयीचा प्रबंध पाठवला. १६६९ मध्ये सोसायटीने तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले. रेशीमकिड्याला फुप्फुसे नसतात, शरीराच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून आत शिरणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यातून तो श्वसन करतो, हे माल्पिगी यांनी दाखवून दिले. श्वसनाचा हाच माग काढत ते वनस्पतींकडे वळले. वनस्पतींतील मळसूत्री वाहिन्या कीटकांच्या श्वासनळ्यांसारख्या दिसतात, म्हणून त्याही श्वसनासाठीच असाव्यात, असा तर्क त्यांनी केला. तो चुकीचा ठरला, कारण या वाहिन्या पाणी वाहून नेतात. तथापि १६७५ आणि १६७९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने वनस्पतींच्या अंतर्रचनेच्या अभ्यासाचा पाया घातला. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या वाढीचे त्यांनी केलेले सचित्र वर्णनही अभ्यासकांना दीर्घकाळ मार्गदर्शक ठरले.

परदेशात सन्मान होत असताना मायदेशी मात्र त्यांच्याभोवती विरोधाचे वर्तुळ आवळत चालले होते. स्बारालिया घराण्याशी असलेल्या वैरातून माल्पिगी यांचे बंधू बार्तोलोमेओ यांच्या हातून त्या घराण्यातील एकाची हत्या झाली होती. त्याच घराण्यातील जोव्हान्नी जिरोलामो स्बारालिया पुढे बोलोन्यात वैद्यकाचे प्राध्यापक झाले आणि माल्पिगी यांचे कट्टर विरोधक ठरले. १६८४ मध्ये माल्पिगी यांच्या घराला आग लागली. त्यात त्यांचे सूक्ष्मदर्शक आणि अनेक वर्षांची टिपणे भस्मसात झाली. १६८९ मध्ये मुखवटे घातलेल्या टोळीने त्यांच्या गावाबाहेरील घरावर हल्ला करून नासधूस केली. त्या वेळी त्यांचे वय ६१ वर्षांचे होते.

त्याच वर्षी स्बारालिया यांनी नव्या वैद्यांच्या अभ्यासपद्धतीवर टीका करणारी पुस्तिका लिहिली. सूक्ष्मदर्शकाने केलेले शरीररचनेचे संशोधन, प्राण्यांची आणि वनस्पतींची चिरफाड यांचा रुग्णाला बरे करण्यासाठी काहीही उपयोग नाही, असा त्यांचा आक्षेप होता. वैयक्तिक वैर बाजूला ठेवले तरी हा आक्षेप सहज दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. वायुकोश आणि केशवाहिन्या सापडल्या म्हणून त्या काळी क्षयाचा किंवा न्यूमोनियाचा एकही रुग्ण बरा झाला नव्हता. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या वैद्याजवळ तेच जुने काढे आणि तेच रक्तमोक्षण होते.

माल्पिगी स्वतः आयुष्यभर रुग्ण तपासणारे वैद्य होते. दूरदूरचे रुग्ण आणि वैद्य पत्रे पाठवून त्यांचा सल्ला घेत असत. त्यामुळे हा आघात त्यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी सविस्तर उत्तर लिहून काढले. निरोगी शरीरातील सूक्ष्म भाग कसे काम करतात हे ठाऊक असेल, तरच ते कोठे बिघडले हे ओळखता येईल आणि ते ओळखल्याशिवाय केलेला उपचार म्हणजे अंधारात चाचपडणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. हे उत्तर त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. १६९७ मध्ये लंडनहून प्रकाशित झालेल्या त्यांच्या मरणोत्तर ग्रंथात ते समाविष्ट करण्यात आले.

१६९१ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी माल्पिगी यांना आपले खासगी वैद्य म्हणून रोमला पाचारण केले. प्रकृती साथ देत नसल्याने ते जाण्यास फारसे उत्सुक नव्हते, पण हा आग्रह मोडणे शक्य नव्हते. जुलै १६९४ मध्ये त्यांना मेंदूविकाराचा झटका आला. त्यातून ते काहीसे सावरले, परंतु नोव्हेंबर १६९४ च्या अखेरीस रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य जॉर्जो बाल्यिव्ही यांनी त्यांच्या पार्थिवाचे शवविच्छेदन केले, तेव्हा मेंदूत रक्तस्राव झाल्याचे आढळले. ज्या पद्धतीचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला, तिनेच त्यांच्या मृत्यूचे कारण स्पष्ट झाले. त्यांचे पार्थिव बोलोन्याला नेऊन दफन करण्यात आले.

मूत्रपिंडातील व प्लीहेतील गोलक, त्वचेचा एक थर आणि कीटकांच्या उत्सर्जक नलिका आजही माल्पिगी यांच्या नावाने ओळखल्या जातात. वनस्पतींच्या एका कुळालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. भारतीय उपवनांत बहरणारी आणि संस्कृत साहित्यात वारंवार भेटणारी माधवीलता याच कुळातील आहे.

स्बारालिया यांच्या आक्षेपाला काळाने उत्तर दिले, मात्र त्यासाठी दीर्घ वाट पाहावी लागली. प्रौढ मानवी फुप्फुसांत सरासरी सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. प्रत्येक वायुकोशाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असतो. हवा आणि रक्त यांच्यातील पडदा बहुतांश ठिकाणी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाच किंवा त्याहूनही पातळ असतो. हा पडदा जाड झाला की श्वास अपुरा पडतो. वायुकोशांच्या भित्ती फाटल्या की दमछाक होते. म्हणजेच फुप्फुसांचे अनेक गंभीर आजार नेमके त्याच रचनेचे आजार आहेत, जी माल्पिगी यांनी मेणबत्तीच्या उजेडात पाहिली होती.

या रचनेचा वेध घेणारी आधुनिक साधनेही एकमेकांच्या साहाय्यानेच काम करतात. लेसर प्रकाशाचे दोन फोटॉन एकाच वेळी शोषले गेले की फुप्फुसातील इलॅस्टिन हे लवचीक तंतू कोणताही रंग न देता स्वतःहून चमकतात. त्याच लेसर प्रकाशाची वारंवारिता दुप्पट करून परतवण्याचा गुणधर्म कोलॅजेन तंतूंमध्ये असतो. दोन्ही संकेत वेगळे नोंदवून एकाच चित्रात मांडले, की ऊतीतील लवचीकपणा कोठे हरपला आणि व्रणासारखे कठीण तंतू कोठे साचले, हे कळते. १९९१ मध्ये पुढे आलेल्या प्रकाशीय छेदचित्रण तंत्राने श्वासनलिकेच्या भित्तीत दोन-तीन मिलिमीटर खोलवर पाहता येते. निळ्या प्रकाशात निरोगी आणि संशयास्पद भाग वेगळे उजळतात, हे तत्त्व वापरून दुर्बिणीद्वारे कर्करोगाच्या आरंभीच्या खुणा शोधल्या जातात. एक तंत्र संशयाची जागा दाखवते, दुसरे तिची खोली मोजते आणि अखेर काढलेल्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण निदान निश्चित करते.

आज फुप्फुसाच्या कर्करोगावर कोणता उपचार करावा, हे ठरवताना वैद्य प्रथम ऊतीचा अहवाल पाहतात. सूक्ष्म रचनेच्या ज्ञानाचा रुग्णाला काय उपयोग, या १६८९ मधील प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात असते. ते उत्तर पाहण्यास माल्पिगी हयात नव्हते. त्यांच्या हाती होते ते वाळलेले फुप्फुस, काचेचा तुकडा आणि एका उजेडात दिसलेली गोष्ट दुसऱ्या उजेडात पुन्हा तपासून पाहण्याचा आग्रह.